गव्हाच्या कणकेतली गाठ

मावशीच्या छातीत गाठ लागते हे आईने मला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं नाही. "तुझ्या मावशीला डाव्या अंगाला कायतरी लागतंय," एवढंच म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. आमच्याकडच्या बायका छाती हा शब्द तोंडाने काढत नसत. अंग म्हणत, आणि ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं.

मुंबईच्या वैद्यक महाविद्यालयातून पास होऊन मी नुकताच कल्याणात दवाखाना थाटला होता. वडील बंदरावर मापारी होते, वखारींत येणारं भात मापाने भरून देत. आमच्या अख्ख्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे सांगताना मला कधी संकोच वाटला नाही आणि आजही वाटत नाही. मी जन्मलो तेव्हा आईला तापाने घेरलं आणि तिचं दूध आटलं. मावशीची लेक तेव्हा अंगावर पीत होती. मावशीने एका बाजूला तिला घेतलं आणि दुसऱ्या बाजूला मला. म्हणजे आज मी हे लिहायला जिवंत आहे तो तिच्यामुळे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि मावशी ते महिन्यातून एकदा तरी बोलून दाखवी.

मी त्याच दुपारी तिच्याकडे गेलो. खाडीकडच्या आळीत तिचं घर. ती अंगणात मिरच्या निवडत होती.

"या डाक्तर. पाय धुऊन या, दवाखान्यातलं काय काय संगं आणलं असंल."

"मावशी, आईने सांगितलं मला."

"तिच्या पोटात काय ऱ्हातंय."

"कधीपासून आहे?"

"शिमग्याच्या आधीपासनं. दुखत नाय. म्हून बोलले नाय."

दुखत नाही, हेच मला ऐकायचं नव्हतं. दुखणाऱ्या गाठीपेक्षा न दुखणाऱ्या गाठीला जास्त भ्यावं, असं आम्हाला शिकवलेलं होतं.

"मला बघावी लागेल," मी म्हणालो.

ती हसली. "खुळा का काय तू."

"मावशी, मी त्याच छातीवर वाढलो ना?"

"तवा तुला डिगरी नव्हती," ती म्हणाली आणि पुन्हा मिरच्या निवडू लागली.

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. पण एक रस्ता होता, आणि तो मी ठाण्याच्या बैठकीत शिकलो होतो.

ठाण्यात एक निवृत्त डॉक्टर राहत. नौपाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांचं घर होतं. एक रविवार सोडून एका रविवारी त्यांच्या ओटीवर आम्ही आसपासचे पाचसहा डॉक्टर जमत असू. आम्ही त्यांना अध्यक्ष म्हणत असू, जरी कोणी त्यांना निवडून दिलं नव्हतं. विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी पितळी सूक्ष्मदर्शक विकत घेतला होता, आणि एवढ्यावरूनच ते अध्यक्ष होते म्हटलं तरी चालेल. त्या वर्षी त्यांनी विषय धरला होता तो स्तनाचा. दूध कसं तयार होतं, कुठून कुठे जातं, गाठी कोणत्या साध्या आणि कोणत्या कर्करोगाच्या. पुस्तकं इंग्रजीत होती, चित्रं सुरेख होती, पण आमच्यापैकी एकाही डॉक्टरला आपल्या रोगी बाईचं अंग पाहायला मिळत नव्हतं. बाई पडद्याआड बसे, नवरा किंवा सासू बाहेर येऊन सांगे, आणि आम्ही त्यावर औषध देत असू.

यावर अध्यक्षांनी एक युक्ती काढली होती. ते पडद्याआड कणकेचा गोळा पाठवत आणि म्हणत, "बाई, तुमच्या हाताला जशी लागते तशी यात करून द्या." रोज कणीक मळणाऱ्या हाताला घट्ट किती, मऊ किती हे सांगावं लागत नाही. बायका आतल्या खोलीत बसून गाठ बनवत. कोणी चिंचोका घाली, कोणी लाकडाची ढलपी, कोणी घट्ट कणकेची गोळी मऊ कणकेत. तो गोळा बैठकीत यायचा, हातोहात फिरायचा, आम्ही डोळे मिटून दाबून पाहायचो आणि आपापलं मत द्यायचो. रोगी बाईचं नाव विचारायचं नाही हा नियम होता. निरनिराळ्या जातींच्या हातांतून फिरलेली कणीक परत कोणाच्या घरात जाणं शक्य नव्हतं, म्हणून शेवटी ती अध्यक्षांच्या गाईला घालत. आमच्यातला एक तिखट जिभेचा डॉक्टर म्हणायचा की, साऱ्या जिल्ह्याचे रोग त्या गाईला पाठ असतील.

मी मावशीला ही रीत सांगितली. तिला फार गंमत वाटली.

"गव्हाचीच पायजे?"

"गव्हाची. तांदळाच्या पिठाला भेगा पडतात."

"सणाबिगर गहू मागतीया म्हंजे गाठ मोठ्या घरची हाय," ती म्हणाली आणि आत गेली.

बऱ्याच वेळाने बाहेर आली. गोळा केळीच्या पानात गुंडाळलेला होता. सांगू लागली तशी तिच्या आवाजातली थट्टा गेली. "आधी सुपारी घातली, पण ती लई कडक. मग घट्ट मळून गोळी केली. हे बघ, बोट ठेवलं की निसटती. अशीच निसटती." मी दाबून पाहिलं. वरची कणीक मऊ होती आणि आत बोराएवढी गोळी बोटाखालून बाजूला सरकत होती. मी तो गोळा पत्र्याच्या डब्यात ठेवला. तो दिवस शनिवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ठाण्याला गेलो.

त्या रविवारी बैठकीत माझंच काम मोठं होतं. मी कल्याणच्या खाटकाकडून बकरीची कास आणली होती. एका सडातून कुंकवाचं पाणी पिचकारीने आत सोडायचं, दुसऱ्यातून निळीचं, आणि मग कास चिरून पाहायचं की दोन रंग एकमेकांत मिसळतात का. पुस्तकात उत्तर होतं, पण पुस्तकातलं उत्तर आणि आपल्या डोळ्यांपुढचं उत्तर यांत फरक असतो असं अध्यक्षांचं म्हणणं, आणि ते मला पटत असे.

अडचण एकच आली. अध्यक्षांच्या ओटीवर मांस चालणार नव्हतं. त्यांच्या पत्नीने आतून निरोप धाडला की, कास घेऊन मंडळींनी गोठ्यात जावं. आम्ही सूक्ष्मदर्शक, पाट, चाकू, पिचकारी सगळं उचलून गोठ्यात गेलो. माझा डबा तेवढा ओटीवर खिडकीत राहिला. कणीक कोंडून आंबू नये म्हणून मी झाकण काढून गोळा डब्यातच फडक्याखाली ठेवला होता. वैशाखाचं ऊन खिडकीत येत होतं. ते तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

गोठ्यातली ती दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. कास चिरली तेव्हा मधोमध एखाद्या कारागिराने रेघ ओढावी तसा पडदा निघाला. एका बाजूला सगळं तांबडं, दुसऱ्या बाजूला सगळं निळं, आणि तांबड्याचा एक ठिपकासुद्धा पलीकडे गेला नव्हता. तांबड्या बाजूत तर झाडासारख्या फांद्या दिसत होत्या. खोड सडाशी, डहाळ्या आत, आणि टोकांना दाण्यांचे घोस. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. गाय नुकतीच व्याली होती म्हणून अध्यक्षांनी तिच्या चिकाचा एक थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यात दुधाचे बारीक थेंब होते, पण त्यांच्यामध्ये मोठे, दाणेदार, गोल पुंजके तरंगत होते.

"हे काय?" मी विचारलं.

"चिकातच दिसतात," अध्यक्ष म्हणाले. "पुढच्या दुधात नाही. कास जागी होत असते तेव्हा दिसतात. यापुढे मला ठाऊक नाही."

ठाऊक नाही हे शब्द तेवढ्या मोकळेपणाने बोलणारा मोठा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

ऊन उतरायला लागलं तेव्हा कोणाला तरी आठवण झाली की, एक गोळाही पाहायचा आहे. आम्ही हात धुऊन ओटीवर आलो. गोळा फिरला. अध्यक्षांनी डोळे मिटून दाबला, पुन्हा दाबला.

"कठीण आहे. आणि हलत नाही."

तिखट डॉक्टरने घेतला. "खडक आहे. मुळं धरलीत."

"बाई म्हणते निसटते," मी म्हणालो. हाताला मलाही तो कठीणच लागत होता.

"बाई म्हणणारच. माणूस आपल्या रोगाबद्दल चांगलंच बोलतो. मापाऱ्याच्या घरचे आहात, राव, मापावर भरवसा ठेवा. तोंडावर नको."

बाकीच्यांनीही तेच म्हटलं. कर्करोग. मुंबईला नेऊन क्लोरोफॉर्म देऊन सबंध स्तन काढावा, काखेतल्या गाठींसकट, आणि लवकर. मी विद्यार्थी असताना ते शस्त्रकर्म पाहिलं होतं. त्या वॉर्डातल्या बायकांपैकी काही चालत घरी गेल्या आणि काही गेल्या नाहीत. बाईचं नाव विचारायचं नाही हा नियम होता, म्हणून ती माझी मावशी आहे हे मी कोणाला सांगितलं नाही. घरच्या गाईला घालण्यासाठी अध्यक्षांनी हात पुढे केला, पण मी गोळा दिला नाही. डब्यात घालून परत आणला. मावशीच्या हातचा होता, एवढंच कारण.

रात्री आईला निकाल सांगितला. सकाळी मी उठायच्या आत तो मावशीकडे पोचलेला होता. मला वाटलं होतं ती रडेल किंवा नाही म्हणेल. आई येऊन म्हणाली, "जाते म्हणाली मुंबईला. लेकीला बोलावून नथ देऊन टाकली. तांब्याची घागर पण देत होती, लेकीने घेतली नाय."

मी कालचा डबा काढून बसलो. गोळ्याला बारीक भेगा पडल्या होत्या. दाबला तर अंगठा आत जाईना, जणू विटेचा तुकडा. काल ओटीवर लागला होता त्याहूनही कठीण. आता गाठ वाढली म्हणायचं काय? आणि मग माझ्या डोक्यात ते आलं. शनिवारी हाच गोळा मऊ होता. गोळी निसटत होती. मी स्वतः दाबून पाहिलं होतं.

"आई, थोडी कणीक दे. गव्हाची."

"कशाला?"

"मळायची आहे."

आईने मान वर केली. "डाक्तर कणीक मळणार. मंग मी आता काशीला जाते."

मी मळली. आधी पाणी जास्त झालं, मग पीठ जास्त झालं, आईने दोनदा हातातून ओढून घेतली आणि दोनदा परत दिली. मावशीने केली होती तशी घट्ट गोळी आत घातली. मऊ कणकेत ती छान सरकत होती. मग तो गोळा फडक्याखाली उन्हात ठेवला आणि दवाखान्यातून मध्ये मध्ये येऊन दाबून पाहिलं. आधी वरची साल आली. मग गोळी हळू सरकू लागली. तिसऱ्या प्रहरी ती चारी बाजूंनी चिकटून बसली, आणि मी डोळे मिटून दाबल्यावर माझ्याच बोटांनी मला सांगितलं की हा कर्करोग आहे. कणकेला, आईने सकाळी दिलेल्या.

मला भीती वाटायला हवी होती, पण पहिल्यांदा आनंद झाला, हे खरं तेच सांगतो. एखादी गोष्ट कशी झाली ते कळल्यावर जो होतो तो आनंद. भीती मग आली. गाठ साधी आहे असं यातून काही सिद्ध होत नव्हतं. काल आम्हाला जे माहीत आहे असं वाटत होतं, ते माहीत नव्हतं, एवढंच सिद्ध झालं होतं.

मी आणखी एक मऊ गोळा मळला आणि तो व उन्हात वाळलेला, असे दोन्ही गोळे घेऊन मावशीकडे गेलो. नथ नसलेलं तिचं नाक मला आधी दिसलं. मी सगळं सांगितलं, गोठ्यातली कासही सांगितली.

"मंजे कापायची का नाय?"

"माहीत नाही."

"कोणाला माहीत हाय?"

"हात लावल्याशिवाय कोणालाच कळणार नाही. मला नाही, अध्यक्षांना नाही, मुंबईच्या साहेबालाही नाही. तिकडे गेलीस तर तो साहेब हात लावणारच आहे."

तिने दोन्ही गोळे दाबून पाहिले, वाळलेला बाजूला ठेवला. मग माझ्याबरोबर आलेल्या आईला म्हणाली, "आक्के, दार लाव."

तिने पदर तोंडावरून ओढून घेतला. आई तिचा हात धरून बसली. मी कार्बोलिकच्या पाण्यात हात धुतले.

"वास काय मारतोय," पदराआडून आवाज आला. "आणि गार हाय."

गाठ बोटाखाली आली. गुळगुळीत, गोल, आणि निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. मावशीने शनिवारी जशी केली होती अगदी तशी. दोन बोटांत धरून एका बाजूने दाबली तर दुसऱ्या बाजूला उचलल्यासारखं वाटलं, आत पाणी असावं तसं. काखेत काही लागलं नाही. मी तिला सांगितलं की बारीक पोकळ सुई घालून पाहतो. ती म्हणाली, "कान टोचताना मी रडले नव्हते." सुईतून भिजवलेल्या मुगाच्या पाण्यासारखं हिरवट पाणी आलं. रक्ताचा टिपूसही नव्हता. बाटलीत ते जमत गेलं तशी माझ्या बोटांतली गाठ लहान होत गेली आणि मग बोटांत काही उरलं नाही.

मावशीने पदराआडूनच स्वतःचा हात नेला आणि चाचपून पाहिलं.

"कुठं गेली?"

"बाटलीत."

पदर खाली आला. तिने बाटली उजेडात धरून पाहिली, मग माझ्याकडे, मग पुन्हा बाटलीकडे. "एवढ्यापायी मी नथ दिली," ती म्हणाली.

पाणी पुन्हा भरू शकतं, मी तिला सांगितलं. भरलं तर पुन्हा काढू, आणि त्यात कधी रक्त दिसलं तर मुंबई टळणार नाही. ती मान डोलावत ऐकत होती, पण तिचं लक्ष बाटलीत होतं. या पाण्याचं आता काय करणार, असं तिने विचारलं. मी म्हणालो, उद्या ठाण्याला नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणार.

"मंग मी पण येते. माझं पानी हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ठाण्याला गेलो. मावशीला अध्यक्षांच्या पत्नीने आत नेलं. अध्यक्षांनी निरोप धाडून तिखट डॉक्टरला आणि आणखी एकाला बोलावून घेतलं. मी एक गोळा सकाळी मळलेला आणि एक उन्हात वाळवलेला, दोन्ही पुढे ठेवले आणि काय झालं ते सांगितलं. अध्यक्षांनी डोळे मिटून एक दाबला, मग दुसरा.

"इतकी वर्षं मी काय दाबत होतो?" ते शेवटी म्हणाले.

"ते आता गाईलाच विचारावं लागेल," तिखट डॉक्टर म्हणाला. कोणी हसलं नाही, आणि थोड्या वेळाने तोही खाली पाहू लागला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तोंडावर भरवसा ठेवायला हवा होता. माझं चुकलं."

अध्यक्ष उठून गोठ्याच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. त्यांच्या डोळ्यांपुढे कोणकोणत्या बायका होत्या ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मग त्यांनी सूक्ष्मदर्शक पुसला आणि पाण्याचा थेंब काचेवर घेतला. बराच वेळ पाहत राहिले. "या," म्हणाले, "तुम्ही बघा."

मोठे, दाणेदार, गोल पुंजके. रविवारी गाईच्या चिकात पाहिलेले, तसेच. मी अध्यक्षांकडे पाहिलं आणि ते माझ्याकडे. मावशीची शेवटची लेक लग्न होऊन आई झाली होती. कैक वर्षं कोरडी पडलेली ती छाती आत कुठेतरी अजून जागी होऊ पाहत होती, आणि कशासाठी, ते आम्हा दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

"बाईंना दाखवायचं का?" मी विचारलं.

अध्यक्षांनी स्वतः यंत्र उचलून माजघराच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलं आणि पाठ फिरवून उभे राहिले. मावशी एक डोळा मिटून वाकली. पहिल्यांदा तिला स्वतःची पापणी दिसली. मग दिसलं.

"साबुदाना हाय."

"गाईच्या चिकातही हेच असतं, मावशी."

"मंजे मी या वयात खरवस करतेय म्हन," ती म्हणाली, आणि आतून अध्यक्षांच्या पत्नीचं हसू ऐकू आलं. मावशी मात्र डोळा काढेना. काच थोडी सरकव म्हणाली, अजून थोडी. दुसरा डोळाही लावून पाहिला. निघताना अध्यक्षांनी तिला नमस्कार केला. पुढच्या बैठकीपासून कणीक बंद, असंही म्हणाले. मग काय, हे कोणीच सांगू शकलं नाही. त्यावर आमच्यात पुढे कित्येक रविवार भांडणं झाली आणि शेवटी काही घरांत दार लावून आम्हाला हाताने तपासू दिलं आणि काही घरांत नाही.

स्टेशनच्या वाटेवर मावशी पुढे चालत होती, मी मागे. तलावाच्या काठाशी ती थांबली. तिला काहीतरी टोचत असावं, असं मला वाटलं.

"दुखतंय का?"

"दुखत नाय. इचार करतेय." तिने नाकाला हात लावला. "एकदा दिलेली नथ लेकीकडनं मागायची कशी, ते तुमच्या बैठकीत कोणाला ठावं हाय का?"